दलपतच्या नावाची पट्टी

विसरवाडीच्या चौफुलीवर, एसटी थांब्याच्या समोर टायरचं एक दुकान आहे. त्याच्या बाजूचा लोखंडी जिना चढून गेलं की चौफुली चॅनलचं ऑफिस लागतं. ऑफिस म्हणजे दोन खोल्या. एकीत टेबल, टेबलामागं निळा पडदा आणि बातम्या वाचायची खुर्ची. दुसरीत कॉम्प्युटर आणि भिंतीला लागून जुन्या कॅसेटींनी भरलेली कपाटं. खालून हायवेचे ट्रक सारखे जातात, त्यामुळं इथल्या कुठल्याही बातमीत मागं एखादा हॉर्न असतोच. प्रेक्षकांना त्याची इतकी सवय झालेली, की हॉर्न नसलेली बातमी त्यांना बाहेरून आणल्यासारखी वाटते.

प्रिस्किला गावित दुसऱ्या खोलीत बसायची. तिचं काम म्हणजे नावं. कुणी पडद्यावर बोलायला लागलं की त्याच्या छातीखाली जी नावाची पट्टी येते, ती तिच्या हातची. पूर्वी हे काम फार घाईचं होतं. क्लिप चालू असतानाच कळ दाबून पट्टी वर आणायची आणि माणूस बोलून संपायच्या आत खाली घ्यायची. बातम्या लागल्या की तिला पाणी प्यायलाही उठता यायचं नाही. एकदा खाली ट्रकनं हॉर्न दिला, ती दचकली, आणि पंचायत समितीच्या सभापतींचं नाव गुरांच्या बाजारातल्या एका म्हशीखाली जाऊन बसलं. सभापतींचा फोन आला. म्हशीच्या मालकाचाही आला. त्याचं म्हणणं, म्हैस माझी, तर तिच्याखाली नाव दुसऱ्याचं का?

यंदा चॅनलचे मालक छगनभाऊंनी नवीन सॉफ्टवेअर घेतलं. त्यात क्लिप उघडली की खाली तिची लांबच लांब टाइमलाइन दिसायची. त्या रेषेवर पट्टी आणून ठेवायची, इथं उगवली पाहिजे, इथं मावळली पाहिजे, असं टोकं धरून ओढायचं. एकदा ठेवली की ठेवली. क्लिप उद्या लावा नाहीतर पुढच्या वर्षी, पट्टी आपोआप त्याच क्षणाला यायची.

"आते म्हैसना मालकले बोलाले जागा नही," छगनभाऊ आपल्या अहिराणीत म्हणाले.

भाऊ मूळचे शहादा तालुक्यातल्या ब्राह्मणपुरीचे. शेतीत जीव रमेना म्हणून तरुणपणी इकडं आले, घराघरावर केबलच्या वायरी टाकल्या, आणि मग स्वतःचं चॅनल काढलं. आता वायरी बहुतेक ठिकाणी नुसत्या लोंबत होत्या, लोक फोनवर बघायचे, पण बघायचे. सॉफ्टवेअर आल्यावर भाऊंच्या डोक्यात एक गोष्ट आली. कपाटातल्या जुन्या कॅसेटी त्यांनी सुरतेला पाठवून कॉम्प्युटरवर घेतल्या आणि दुपारी 'जुनी चौफुली' नावाचा कार्यक्रम सुरू केला. त्या काळी पुढाऱ्याचं नाव यायचं आणि बाकी सगळ्यांच्या खाली 'ग्रामस्थ' एवढंच यायचं. भाऊंनी प्रिस्किलाला सांगून ठेवलं, "बेटा, नावबिगर एक बी माणूस दखाडाना नही."

पण वीस वर्षांपूर्वीच्या बाजारातली, जत्रेतली, नाताळातली माणसं ओळखणार कोण? ती सगळी एकाच माणसानं टिपलेली होती, योहानकाका मावचींनी. चॅनलचे पहिले कॅमेरामन. आणि योहानकाकांचे डोळे मधुमेहानं नेले होते. माणूस समोर उभा राहिला तर उभी सावली दिसायची. तोंड दिसायचं नाही.

तरी प्रिस्किलानं त्यांना बोलावलं. काका काळीपिवळी जीपनं यायचे, जिन्याचा कठडा चाचपत वर चढायचे आणि तिच्या शेजारच्या खुर्चीवर मान खाली घालून बसायचे. ती क्लिप लावायची. काका ऐकायचे.

"थांब. हा दलसिंग. माइक दिसला की आधी घसा खाकरतो." थोड्या वेळानं, "ही गुलाबबाई. बोलायच्या आधीच हसते बघ."

प्रिस्किला पट्टीचं टोक ओढून बरोबर त्या हसण्यावर ठेवायची. आधी नाव आणि मग हसणं आलं तर बाई परकी वाटायची. हसण्यासोबत नाव आलं की ती ओळखीची होऊन जायची. हे तिला कुणी शिकवलेलं नव्हतं. काकांच्या शेजारी बसून तिला ते आपोआप कळत गेलं, आणि सकाळी घरून निघताना तिला कामाची ओढ वाटायला लागली.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी जिन्यावर चपला वाजल्या आणि एक बाई दारात येऊन थांबली. पन्नाशीच्या आतली, अंगानं वाळलेली, हातात कापडी पिशवी.

"इथं योहान कोण?" तिनं विचारलं. बोलत होती ती घरच्या आदिवासी बोलीत, आणि पुढचं सगळं बोलणं त्याच बोलीत झालं.

"मी," काका म्हणाले.

"मी सोमी. आमलीपाड्याची. दलपत कोकणीची बाई."

योहानकाका खुर्चीतून उठलेच. "दलपतची? लाइटवाल्या दलपतची? कुठं आहे तो? खाली आहे का? वर बोलवा त्याला!"

सोमीबाईनं प्रिस्किलाकडं बघितलं, मग काकांकडं. "तो गेला," ती म्हणाली. "दोन पावसाळे झाले. आम्ही ऊसतोडीला बारडोलीकडं होतो. तिकडंच कावीळ झाली."

काका तसेच उभे राहिले. मग हातानं खुर्ची शोधून बसले. प्रिस्किलानं बाईला पाणी दिलं.

"मला कुणी सांगितलंच नाही," शेवटी काका म्हणाले.

"कोण सांगणार? तुमच्याकडचं काम सुटल्यावर तो इकडं आलाच नाही."

तिची येण्याची कथा अशी होती. आदल्या आठवड्यात शेजारच्या पोरीच्या फोनवर 'जुनी चौफुली' लागली होती. कुठल्याशा चर्चमधला जुना नाताळ होता. सोमीबाई अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसलेली, तिचं लक्षही नव्हतं. तेवढ्यात फोनमधून दलपत बोलला. "ओ बाई, इकडं बघा, इकडं." एवढंच. तिच्या हातातलं सूप कलंडलं. पोरीला तिनं तेच तेच पुन्हा लावायला सांगितलं. आवाज यायचा, माणूस दिसायचा नाही.

"घरी त्याचा एकच फोटो आहे," ती म्हणाली. "आधार कार्डावरचा मोठा करून आणला. फोटोवाल्यानं त्याला कॉम्प्युटरवर निळा कोट घातला, गळ्यात टाय बांधला आणि गोराही केला. म्हणाला, बाई, असाच चांगला दिसतो. भिंतीवर लावलाय. पण त्या कोटवाल्याला मी ओळखत नाही. माझ्या माणसानं जन्मात कोट घातला नाही. तुमच्याकडं एवढी गावं आहेत, एवढी माणसं आहेत. त्यात तो असेल ना कुठंतरी?"

प्रिस्किलानं काकांकडं बघितलं. काकांनी मान हलवली. हो म्हणून नाही, नाही म्हणूनही नाही.

"तो माझ्या डाव्या हाताला असायचा," ते म्हणाले. "कायम. कॅमेऱ्याच्या मागं."

मग ते सांगत राहिले. त्या वेळच्या कॅमेऱ्याला अंधारात काही दिसायचं नाही. सनगन नावाचा हातात धरायचा दिवा असायचा, हॅलोजनचा. तापला की जवळ उभ्या माणसाच्या कपाळावर घाम यायचा. दलपत तो उंच धरून उभा राहायचा. जनरेटर असेल तिथं वायर ओढायची, नसेल तिथं ट्रकची बॅटरी डोक्यावर घेऊन डोंगर चढायचा. लग्नं, जत्रा, नाताळ, कापणीचा उपकारस्तुतीचा सण, सभा. एका हातानं दिवा धरून दुसऱ्या हातानं माणसांना सरळ उभं करायचा. गर्दीतलं कुणी कोपऱ्यात, लाजून मागं राहिलं, तर योहाननं न सांगता उजेड तिकडं वळायचा. आणि उजेड गेला की कॅमेरा त्याच्या मागं जायचाच.

"लोकांना वाटायचं, काय दाखवायचं ते मी ठरवतो," काका म्हणाले. "अर्धं तोच ठरवायचा."

पुढं अंधारातही दिसणारे छोटे कॅमेरे आले. दिव्याचं काम उरलं नाही. दलपत दुसरं काही शिकला नाही, किंवा त्याला कुणी शिकवलं नाही. एका दिवाळीनंतर तो आलाच नाही.

प्रिस्किला ऐकत होती. तिला तिच्या लहानपणचा चर्चमधला नाताळ आठवला. ती दहा वर्षांची असेल. आईनं शिवलेला पांढरा झगा घालून ती मुलांच्या रांगेत गायला उभी होती. दारातून एकदम तो उजेड आत आला, आणि सगळी भिंत, क्रूस, कागदाच्या पताका, पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्यांचे फेटे, सगळं असं झळाळलं की पोरं गाणं विसरली. आपल्या आयुष्यात इतका उजेड तिनं कधी पाहिला नव्हता. तो कुणी धरलाय ते बघायचा तिनं प्रयत्न केला होता. पण उजेडाच्या मागं बघता येतं का? डोळे दिपून पाणी आलं आणि समोर नुसतं पांढरं दिसलं. आता विचार केला तर या सगळ्या नवापूर भागातल्या जवळजवळ प्रत्येक घरानं दलपतला बघितलेलं होतं, आणि एकाही घरानं त्याचं तोंड बघितलेलं नव्हतं.

त्या दिवशी त्यांनी हाती लागतील तेवढ्या क्लिपा काढल्या. दलपत सापडत होता, पण तुकड्यातुकड्यांनी. एका सभेत भिंतीवर त्याची सावली होती, हात वर केलेली. एका जत्रेत दोन ओळी ऐकू आल्या, कुणाला तरी हसत दटावत होता. सामुदायिक विवाहाच्या एका बातमीत नवऱ्याच्या डोक्यावरचा वाकडा झालेला फेटा सरळ करायला बाजूनं एक हात आत आला.

"थांब!" सोमीबाई म्हणाली. ती खुर्ची सोडून पडद्याला नाक लागेल इतकी पुढं झाली. "करंगळी बघ. वाकडी आहे ना? लहानपणी नांगरात सापडली होती."

प्रिस्किलानं ते चित्र तिथंच थांबवून ठेवलं. सोमीबाई त्या हाताकडं बघत राहिली. मग पिशवी उचलत म्हणाली, "हात तर मिळाला. तोंड नाही." पाचची गाडी सुटायच्या आत तिला पोचायचं होतं.

ती गेल्यावर काका नेहमीसारखे लगेच उठले नाहीत. खाली टायरच्या दुकानात कुणीतरी चाकावर हातोडा घालत होतं. एकाएकी काका म्हणाले, "जसोदाचं लग्न."

"कुणाचं?"

"जसोदा. डोंगरातल्या लग्नातली नवरी. त्या लग्नात एक म्हातारी दलपतच्या मागं लागली होती. नाच म्हणून. मला पक्कं आठवत नाही, पण कॅमेरा चालू होता. मी बंद केला नव्हता."

ती कॅसेट सुरतेला गेलेल्यांत नव्हती. लग्नाचं काम काका चॅनलच्या बाहेर करायचे, त्या कॅसेटी सगळ्यात खालच्या कप्प्यात पडून होत्या. प्रिस्किलानं जमिनीवर बसून एकेक काढली. काहींना बुरशी लागलेली, काहींवरचा कागद वाळवीनं खाल्लेला. जसोदाच्या लग्नाची सापडली तेव्हा ती चिकट झालेली होती.

दुसऱ्या दिवशी छगनभाऊंनी माळ्यावरचा जुना प्लेअर स्वतः खाली काढला. शर्टाच्या बाह्या वर केल्या, झाकण उघडलं, कापसाला स्पिरिट लावलं आणि आतला हेड इतक्या हळू हातानं पुसायला लागले, जणू तान्ह्या बाळाचे डोळे पुसतायत. "हाई मशीन मन्ही पहिली कमाई शे," ते म्हणाले. "दलपत माले रोज राम राम करे. मी त्याले कधी 'चहा पी' बी नही म्हनं." आणि पुन्हा पुसायला लागले.

आमलीपाड्याला निरोप गेला. सोमीबाई बाजाराच्या दिवशी आली. खोलीत चौघं होती: पडद्यासमोर प्रिस्किला, तिच्या शेजारी सोमीबाई, मागं काका, आणि प्लेअरजवळ भाऊ.

आधी नुसत्या आडव्या रेषा आल्या. मग रेषांतून हळूहळू रंग आला, हळदीचा पिवळा. जसोदा होती, अठराएकोणीस वर्षांची, मुंडावळ्यांच्या आतून खाली बघणारी. बायका गात होत्या. लांब कुठंतरी जनरेटर धडधडत होता. मग ढोल सुरू झाला आणि सगळे अंगणात उतरले, हातात हात गुंफून गोल फिरायला लागले. उजेड त्यांच्याबरोबर फिरत होता.

"आता ऐका," काका म्हणाले. "म्हातारी येईल."

म्हातारीचा आवाज आला, खणखणीत. "तो दिवेवाला कधी नाचणार? सगळ्यांना नाचवतो, आपण खांबासारखा उभा!" बायका हसल्या. कुणीतरी काही बोललं. आणि एकदम उजेड हलला. आधी आभाळात गेला, मग आंब्याच्या पानांत, मग जमिनीवर, पायांवर, पुन्हा तोंडांवर. सगळं अंगण डुचमळल्यासारखं झालं. दलपत दिवा हातात घेऊनच नाचत होता. दिसत काहीच नव्हतं, नुसते उजेडाचे फटकारे.

"दिसतोय?" काकांनी विचारलं.

"नाही," प्रिस्किला म्हणाली. "अजून नाही."

मग एक हात पुढं आला, बांगड्या भरलेला. त्या म्हातारीनं सनगन दलपतच्या हातातून काढून घेतला आणि त्याच्याच तोंडावर धरला.

तो दिसला. पंचविशीतला, किडकिडीत, पांढरा बनियन घामानं अंगाला चिकटलेला, गळ्यात वायरीचं वेटोळं. त्यानं डोळ्यांवर हात धरला. उजेड कसा लागतो ते त्याला बहुतेक पहिल्यांदाच कळत होतं. मग हात काढला, डोळे बारीक करून हसला, आणि नाचायला लागला. ढोल एकीकडं, पाय दुसरीकडं.

सोमीबाईच्या तोंडून हसू फुटलं. "अस्साच!" ती म्हणाली. "अस्साच नाचायचा! पाय बघा त्याचे! कुणाच्याही लग्नात माझी मान खाली जायची." ती हसत होती आणि पदरानं गाल पुसत होती, आणि यातलं कुठलंही तिला थांबवता येत नव्हतं.

"हसतोय का तो?" काकांनी विचारलं.

"हसतोय काका," प्रिस्किला म्हणाली. "दात दिसतायत."

"पुढचा एक अर्धा तुटलेला आहे. दिसतो?"

"दिसतो."

काका मागं टेकून बसले.

थोड्या वेळानं दलपतनं हात जोडून दिवा परत घेतला. उजेड वळला, तो मागं गेला, आणि पडद्यावर पुन्हा जसोदा आली.

प्रिस्किलानं तेवढा तुकडा कॉम्प्युटरवर घेतला. खाली टाइमलाइन उघडली. पट्टीच्या पहिल्या ओळीत 'दलपत कोकणी' लिहिलं. दुसऱ्या ओळीत काम लिहायचं असतं. 'सरपंच', 'शेतकरी', असं काही.

"प्रकाशयोजना," छगनभाऊंनी मराठीतून सुचवलं.

"म्हणजे काय?" सोमीबाईनं विचारलं. प्रिस्किलानं सांगितलं. तिनं तोंड वाकडं केलं. "हे तर त्या कोटासारखंच झालं. तो उजेड धरायचा. तेच लिही."

प्रिस्किलानं लिहिलं, 'उजेड धरणारा'.

मग पट्टी ठेवायची कुठं, हा प्रश्न आला. म्हातारी दिवा त्याच्यावर वळवते, तोंड दिसतं, तिथं तिनं ती सवयीनं ठेवली.

"नाही," मागून काका म्हणाले. "उजेड हलतो ना पहिल्यांदा, आभाळाकडं जातो, तिथं ठेव. तिथंही तोच आहे."

प्रिस्किलानं टोक मागं ओढलं. आता अंगण डुचमळायला लागलं की नाव यायचं, आणि त्या नावाचा माणूस थोड्या वेळानं. तिनं क्लिप चालवून दाखवली. पट्टी आली, नेहमीप्रमाणे दोनदा वाचून होईल एवढी थांबली, आणि दलपत अजून नाचत असतानाच खाली उतरली.

"गेलं का नाव?" सोमीबाईनं विचारलं.

"वाचून झालं की काढतात, मावशी. नाहीतर चित्र झाकलं जातं."

"मला वाचता येत नाही," सोमीबाई म्हणाली. "पण ते तिथं आहे हे दिसतं. तो आहे तोवर असू दे ना."

प्रिस्किलानं छगनभाऊंकडं बघितलं. भाऊंना बोली अर्धी कळायची, पण एवढं कळलं होतं. "ऱ्हाऊ दे," ते म्हणाले.

तिनं पट्टीचं शेवटचं टोक धरलं आणि ओढत ओढत नेलं, दलपत हात जोडतो त्याच्या पुढं, दिवा परत घेतो त्याच्या पुढं, उजेड वळून पुन्हा नवरीवर स्थिर होतो तिथपर्यंत. तिथं सोडलं.

नंतर ती सोमीबाईला गाडीवर पोचवायला खाली आली. थांब्यावर गर्दी होती, बाजाराच्या पिशव्या, कोंबड्या, मक्याची पोती. दोघी कडेला उभ्या राहिल्या. सोमीबाई मध्येच बोलायला लागली.

"कार्यक्रमावरून घरी आला ना, की त्याला काही दिसायचं नाही. तो दिवा बघून बघून डोळे तसे व्हायचे. घरात रॉकेलची चिमणी असायची, तरी चाचपडायचा. मी हाताला धरून ताटावर बसवायची. भाकर इथं, भाजी इथं, असं बोट लावून दाखवायची. सासू म्हणायची, एवढा मोठा गडी, त्याला काय भरवतेस?" ती हसली. "मला आवडायचं ते. काम सुटलं, मग त्याला घरात सगळं नीट दिसायला लागलं. मग मी कशाला हात धरू?"

गाडी आली. गर्दीत चढताना ती मागं वळली नाही. जागा धरायची होती.

क्लिप त्या शनिवारी दुपारी लागली. योहानकाका मुद्दाम ऑफिसात येऊन बसले. कार्यक्रम संपला आणि फोन वाजायला लागला. एकानं नाव खूप वेळ राहिलं, मशीन अडकलं का, असं विचारलं. बऱ्याच जणांनी आपापल्या गावातल्या त्या उजेडाच्या आठवणी सांगितल्या. एका म्हाताऱ्यानं तर सांगितलं की त्या दिव्याखाली उभं राहून त्याचं लग्न जमलं. मग एक फोन गुजरातेतून, व्यारा गावाहून आला. बाईचा आवाज.

"ती मी आहे," बाई म्हणाली. "नवरी."

काकांनी फोन कानाला लावला आणि बघता बघता त्यांचा चेहराच बदलला. जसोदाबाई आता सुनेची सासू झाली होती. लग्नाची कॅसेट पुरात गेली होती. त्यानंतर स्वतःचं लग्न तिनं आज पहिल्यांदा बघितलं. "त्या दिवेवाल्याची बाई कुठं राहते?" तिनं विचारलं. "मला तिला भेटायचंय."

पुढच्या रविवारी चर्च सुटल्यावर प्रिस्किला आणि योहानकाका जीपनं आमलीपाड्याला गेले. जसोदाबाई आणि तिचा नवरा मोटरसायकलवर आधीच पोचले होते. सोमीबाईच्या अंगणात, शेणानं सारवलेल्या जमिनीवर खाट टाकली होती. शेजारच्या पोरीनं फोन ताटाला टेकवून उभा केला आणि सगळ्या पाड्यानं क्लिप पाहिली. पोरं दलपतसारखे पाय टाकून नाचायला लागली. म्हाताऱ्यांनी त्यांना हाकललं आणि पुन्हा लाव म्हणून सांगितलं.

गर्दी पांगल्यावर दोन्ही बायका ओसरीच्या काठावर बसल्या. प्रिस्किला जवळच होती. सोमीबाईचं लग्न त्याच्या पुढच्या वर्षी झालेलं. ही रात्र तिच्या आधीची, तिला ठाऊक नसलेली. जसोदाबाईला मात्र ती पाठ होती.

"तुझा माणूस नाचून गेला ना," जसोदाबाई सांगत होती, "तर त्या म्हातारीनं, माझ्या आजीनं, पुन्हा त्याला धरलं. तेव्हा कॅमेरा दुसरीकडं होता."

"मग?" सोमीबाईनं विचारलं.

"मग काय, तो दिवा सोडायला तयार नाही. म्हणाला, मी नाचलो तर तुम्ही कुणी दिसणार नाही. आजी म्हणाली, आम्ही रोज एकमेकांना बघतो, आज तुला बघू दे."

"मग?"

"मग जनरेटरच बंद पडला. सगळा अंधार. कुणाला काही दिसेना, आणि तुझा माणूस सगळ्यात जास्त चाचपडतोय. शेवटी माझ्या भावानं त्याला हाताला धरून पंगतीत आणून बसवलं."

सोमीबाईनं पाय पोटाशी घेतले, पदर सावरला आणि तिच्या आणखी जवळ सरकली. "काय होतं जेवायला?" तिनं विचारलं.

"तुरीची डाळ आणि भात," जसोदाबाई म्हणाली. "तीनदा वाढून घेतली त्यानं डाळ. थांब, सगळं सांगते."